विस्मृतीचे मोजमाप : मेंदूस इजा झाल्यानंतरच्या स्मृतिपरीक्षणाचा इतिहास

डोक्यास जबर मार लागून शुद्ध हरपलेला मनुष्य कालांतराने बरा होतो, चालूबोलू लागतो व रुग्णालयातून घरी परततो. जखम भरून आलेली असते, हातापायांत बळ आलेले असते, क्ष-किरणांच्या छायाचित्रात कवटी अभंग दिसत असते. तथापि थोड्याच दिवसांत घरची माणसे सांगू लागतात, की हा पूर्वीचा राहिला नाही. सकाळी दिलेला निरोप त्यास दुपारी आठवत नाही. एकच प्रश्न तो तासाभरात तीन वेळा विचारतो. नित्याच्या कामात हात चालतो, परंतु नवे काम समजावून दिले तर ते दुसऱ्या दिवशी कोरेच असते. या तक्रारीत तथ्य किती व तिचे माप कोणते, हा प्रश्न वैद्यकापुढे आणि मानसशास्त्रापुढे तर उभा राहतोच, पण नुकसानभरपाईचा निवाडा करणाऱ्या न्यायासनापुढेही तो येतो. माप चुकले तर खऱ्या रुग्णास कामचुकार किंवा ढोंगी ठरविले जाते.

मोडलेल्या हाडाचे परीक्षण रुग्णाने तोंड न उघडताही करता येते. स्मृतीची गोष्ट निराळी आहे. ती विचारल्यावाचून कळत नाही. आणि विचारावयाचे ते त्यालाच, ज्याची स्मृती दुखावली आहे. साक्षीदाराच्याच साक्षीची शाबिती करावयाची असा हा पेच आहे. गेल्या सुमारे शंभर वर्षांतील संशोधनाचा क्रम पाहिला, तर या पेचातून वाट काढताना तीन प्रश्न पुनःपुन्हा पुढे आल्याचे दिसून येते : केव्हा विचारावे, काय विचारावे, आणि कोणास विचारावे. या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने त्या इतिहासाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

स्मृतीच्या विकारांचा पद्धतशीर विचार फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांच्या १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. स्मृतीचा ऱ्हास होऊ लागला म्हणजे नवे आधी जाते व जुने मागाहून जाते, असा नियम त्यांनी मांडला. चारच वर्षांनी, १८८५ मध्ये, हेर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून व ठराविक काळाने त्यांची पुन्हा उजळणी करून विस्मरणाचा वेग अंकांत मांडला. स्मृती ही मोजता येण्याजोगी वस्तू आहे हा विश्वास या प्रयोगांनी उत्पन्न केला. पुढे १९०० मध्ये ग्योटिंगेन येथील म्युलर व पिल्त्सेकर या दोघा संशोधकांनी असे प्रतिपादन केले, की एखादी गोष्ट शिकल्याबरोबर तिचा ठसा पक्का होत नाही. तो दृढ होण्यास काही अवधी लागतो, आणि त्या अवधीत व्यत्यय आला तर ठसा पुसट होतो. डोक्यास मार लागण्यापूर्वीचे काही क्षण रुग्णास का आठवत नाहीत याचा उलगडा या उपपत्तीने होऊ शकेल, हे विल्यम मॅक्डूगल यांनी १९०१ मध्येच सुचविले होते.

याप्रमाणे तत्त्वविचार व प्रयोग ही दोन्ही अंगे विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झाली होती. परंतु रुग्णालयाच्या व्यवहारात त्यांचा उपयोग फारसा होत नसे. शस्त्रवैद्याचे लक्ष कवटीचा भंग, रक्तस्राव, बाहुल्यांचा आकार, नाडी व श्वास यांवर केंद्रित असे, आणि ते योग्यही होते, कारण प्रथम जीव वाचविणे प्राप्त असते. रुग्ण डोळे उघडून उत्तरे देऊ लागला म्हणजे तो शुद्धीवर आला असे समजले जाई, व इजेची नोंद तेथेच संपे.

२. एडिंबरोतील निरीक्षण

या समजुतीला धक्का दिला तो विल्यम रिची रसेल या तरुण स्कॉटिश मज्जाविकारतज्ज्ञाने. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत डोक्याच्या इजेसाठी दाखल झालेल्या २०० रुग्णांची पाहणी करून त्यांनी १९३२ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य निरीक्षण दिसावयास साधे आहे. रुग्ण बोलू लागला, नाव सांगू लागला, भेटीस आलेल्या आप्तांशी त्याने संभाषणही केले, तरी पूर्ण बरा झाल्यावर त्यास विचारले असता यांतील काहीच त्यास आठवत नाही. 'मी जागा झालो' असे तो ज्या क्षणाविषयी सांगतो, तो क्षण परिचारिकेच्या नोंदवहीतील शुद्धीवर येण्याच्या वेळेहून कितीतरी मागाहूनचा असतो.

यावरून रसेल यांनी काढलेले अनुमान महत्त्वाचे आहे. इजेच्या क्षणापासून अखंड स्मृती पुन्हा सुरू होईपर्यंतचा सर्व काळ मेंदूच्या बिघाडाचा काळ धरावा. रुग्ण त्यातील काही भागात बोलत असला तरी हरकत नाही. पुढे या काळास 'आघातोत्तर विस्मृती' हे नाव रूढ झाले. इजेपूर्वीच्या काळाची जी विस्मृती असते तिला आपण 'आघातपूर्व विस्मृती' म्हणू. त्यांपैकी पहिलीत नवे ठसे उमटतच नाहीत, दुसरीत उमटलेले ठसे हाती लागत नाहीत.

या मापाचा व्यावहारिक गुण असा, की ते इजेनंतर कित्येक महिन्यांनीसुद्धा घेता येते. ज्या रुग्णाची पहिल्या दिवसांची नोंद हरवली आहे, किंवा ज्यास दुसऱ्या गावाहून आणलेले आहे, त्यालाही विचारता येते, की अपघातानंतरची तुझी पहिली आठवण कोणती, आणि तेथून पुढे सलग आठवते काय? विस्मृती हेच प्रमाण ठरल्यामुळे रुग्णास जे सांगता येत नाही तेच इजेची खोली सांगू लागले. वैद्यकाच्या इतिहासात अशी उलटी कसोटी क्वचितच आढळेल.

३. युद्धकालीन ऑक्सफर्ड

दुसऱ्या महायुद्धाने या निरीक्षणास विस्तार दिला. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या वास्तूत डोक्याच्या इजांसाठी लष्करी रुग्णालय उघडण्यात आले. १९४५ पर्यंत तेथे सुमारे १३,००० रुग्णांवर उपचार झाले. या कार्याचे प्रमुख प्रवर्तक ह्यू केअर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले शस्त्रवैद्य होत. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स यांस मोटारसायकलच्या अपघातात प्राणांतिक इजा झाली, तेव्हा उपचारासाठी पाचारण केलेल्या वैद्यांत केअर्न्स होते. १९४१ मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या इजा व शिरस्त्राणाचे महत्त्व यांवर लेख लिहिला, व त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस कामावर असताना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

सैन्यात डोक्याच्या इजेचा प्रश्न केवळ उपचाराचा नव्हता. हा शिपाई कामावर केव्हा परतेल, परतेल की नाही, व न परतल्यास त्याचे निवृत्तिवेतन किती, हे ठरविणे भाग होते. चार्ल्स सिमंड्स व रसेल यांनी १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सैनिक रुग्णांच्या भवितव्यासंबंधी जे विवेचन केले, त्यात आघातोत्तर विस्मृतीचा अवधी जितका मोठा तितका कामावर परतण्यास विलंब अधिक, असा संबंध दाखविण्यात आला. अर्थात विस्मृतीचे माप भूतकाळाचे असूनही भविष्याविषयी बोलू लागले.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये रसेल व पीटर नेथन यांनी १,०२९ रुग्णांवर आधारलेला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७०७ रुग्णांत आघातपूर्व विस्मृती अर्ध्या तासाहून कमी काळाची होती. अर्ध्या तासाहून अधिक काळाची ती १३३ जणांतच आढळली, आणि १३३ जणांत ती मुळीच नव्हती. (उरलेल्या ५६ जणांची नोंद उपलब्ध नव्हती.) मारापूर्वीचे आयुष्य समूळ पुसले जाते ही कादंबऱ्यांतून व चित्रपटांतून दिसणारी कल्पना किती निराधार आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. पुसले जातात ते बहुधा शेवटचे क्षण.

तथापि हे शेवटचे क्षण आरंभी फार दूरवर पसरलेले असू शकतात. गोल्फच्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका २२ वर्षांच्या तरुणाची हकीकत या संदर्भात प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९३३ मध्ये तो मोटारसायकलवरून फेकला गेला. आठवड्याभराने तो सुसंगत बोलू लागला, आणि परिचारिकांस तो पूर्ण शुद्धीवर आला असे वाटले. परंतु त्यास तारीख विचारली असता त्याने फेब्रुवारी १९२२ असे सांगितले. आपण शाळेत जाणारा मुलगा आहोत अशी त्याची समजूत होती. ऑस्ट्रेलियात काढलेली पाच वर्षे आणि त्यानंतर इंग्लंडात काम करीत घालविलेली दोन वर्षे यांचा त्यास मागमूस नव्हता. दोन आठवड्यांनी ऑस्ट्रेलियातील काळ परत आला. तिसऱ्या आठवड्यात तो आपल्या कामाच्या गावी गेला, तेव्हा ते गाव त्यास अनोळखी वाटले. अपघातानंतर सुमारे दहा आठवड्यांनी ती शेवटची दोन वर्षेही हळूहळू परत आली, व अखेर अपघातापूर्वीची काही मिनिटे तेवढी कायमची अंधारात राहिली.

या उदाहरणात रिबो यांचा नियम उलट दिशेने प्रत्ययास येतो : जुने आधी परतले, नवे मागाहून. परंतु स्मृतिपरीक्षणाच्या दृष्टीने त्यातील बोध याहून निराळा आहे. पहिल्या आठवड्यात त्या तरुणाची परीक्षा घेतली असती तर अकरा वर्षांची विस्मृती नोंदविली गेली असती. तिसऱ्या आठवड्यात दोन वर्षांची. तीन महिन्यांनी काही मिनिटांची. रुग्ण तोच, अपघातही तोच. बदलला तो केवळ विचारण्याचा दिवस. तेव्हा परीक्षणाचा दिवस न लिहिता विस्मृतीचा अवधी लिहिणे म्हणजे प्रमाण न लिहिता नकाशा काढण्यासारखे होय.

४. मापाचा आधार व त्याची मर्यादा

एका अवधीवरून मेंदूच्या इजेची तीव्रता कळावी हे कसे? याचे उत्तरही बव्हंशी ऑक्सफर्डमध्येच मिळाले. डेनी-ब्राऊन व रसेल यांनी १९४१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की डोके स्थिर धरून मारलेल्या आघातापेक्षा हलण्यास मोकळ्या असलेल्या डोक्यावरील आघाताने शुद्ध अधिक सहज हरपते. पदार्थवैज्ञानिक होलबर्न यांनी १९४३ मध्ये कवटीच्या आकारात जिलेटिन भरून, ते एकदम फिरविले असता आतील मृदू द्रव्यास कोठे पीळ पडतो याचे विवरण केले. पुढे १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच यांनी इजेनंतर बुद्धिभ्रंश होऊन मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण करून पांढऱ्या द्रव्यातील मज्जातंतूंचा सर्वदूर पसरलेला ऱ्हास दाखवून दिला. कवटी अभंग राहूनही आतील दूरदूरच्या भागांस जोडणारे तंतू तुटलेले असू शकतात, ही गोष्ट यामुळे सिद्ध झाली. अखंड स्मृतीसाठी मेंदूच्या अनेक भागांचे सहकार्य लागते. म्हणून असा व्यापक बिघाड किती काळ टिकला याचा निर्देशक विस्मृतीचा अवधी ठरतो.

यातूनच या मापाची मर्यादाही निष्पन्न होते. बंदुकीची गोळी किंवा धातूचा तुकडा कवटी भेदून एका जागी शिरला, तर त्या जागेचा नाश होतो, परंतु संपूर्ण मेंदू हादरतोच असे नाही. अशा कित्येक सैनिकांस जखम झाल्याचा क्षणसुद्धा आठवत असे. त्यांची आघातोत्तर विस्मृती अत्यल्प, पण व्यंग मात्र भारी, असे घडे. तेव्हा हे माप कवटी न भेदता झालेल्या इजेसाठी आहे, सर्व इजांसाठी नव्हे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

५. केव्हा विचारावे

रसेल व ॲरन स्मिथ यांनी १९६१ मध्ये आघातोत्तर विस्मृतीच्या अवधीनुसार इजेची प्रतवारी मांडली : एक तासाहून कमी असल्यास सौम्य, एक तास ते एक दिवस मध्यम, एक ते सात दिवस तीव्र, व सात दिवसांहून अधिक असल्यास अतितीव्र. ही प्रतवारी सोपी असल्यामुळे सर्वत्र स्वीकारली गेली. परंतु ती ज्या उत्तरांवर उभी होती त्यांतील अडचणी हळूहळू उघड होऊ लागल्या.

पहिली अडचण स्मृतीच्या बेटांची. रुग्णास एखादा प्रसंग, जसे आईचे भेटीस येणे, स्पष्ट आठवतो. पण त्याच्या मागचे-पुढचे काही आठवत नाही. अशा बेटास जमीन समजले तर अवधी फार कमी भरतो. दुसरी अडचण ऐकीव माहितीची. अपघाताची हकीकत आप्तांकडून पुनःपुन्हा ऐकून ती आपल्याला आठवते असे रुग्णास प्रामाणिकपणे वाटू लागते. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. यार्नेल व लिंच यांनी १९७० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर, डोक्यास धक्का बसलेल्या खेळाडूंस तत्काळ प्रश्न विचारले. धक्क्यापूर्वी चाललेला डाव त्यांनी बरोबर सांगितला. काही मिनिटांनी तोच प्रश्न विचारला असता त्यांना तो सांगता येईना. घटना ग्रहण झाली होती, क्षणभर टिकलीही होती, पण दृढ झाली नाही. म्युलर व पिल्त्सेकर यांच्या कल्पनेस सत्तर वर्षांनी मैदानावर पुष्टी मिळाली. आणि त्याबरोबर हेही कळले, की एकदाच विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर हे स्मृती शाबूत असल्याचे प्रमाण नव्हे.

म्हणून मागाहून विचारण्याऐवजी रोजच्या रोज विचारावे, असा विचार पुढे आला. ग्लासगो येथील टीझडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये शुद्धीची जी श्रेणी तयार केली, तीत डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांस मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ही श्रेणी जगभर वापरली जाते. परंतु १५ पैकी १५ गुण मिळविणारा रुग्णही विस्मृतीच्या काळात असू शकतो, कारण ती श्रेणी स्मृती तपासतच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे लेव्हिन, ओडोनेल व ग्रॉसमन यांनी १९७९ मध्ये रुग्णशय्येपाशी रोज घेता येईल अशी प्रश्नावली रचली. नाव, जन्म, ठिकाण, वेळ, वार, तारीख, महिना, वर्ष, इजेपूर्वीची शेवटची व इजेनंतरची पहिली आठवण असे प्रश्न तीत असून चुकांचे गुण १०० मधून वजा करतात. ७५ अथवा अधिक गुण टिकून राहू लागले म्हणजे विस्मृतीचा काळ संपत आला असे समजतात.

परंतु तीत देशकालाच्या भानास जितके महत्त्व आहे तितके नव्या स्मरणास नाही. रुग्णास वार व वर्ष सांगता येऊ लागले, तरी कालचा दिवस आज आठवेलच असे नाही. यास्तव १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील वेस्टमीड रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी १२ प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध झाली. तीत ७ प्रश्न देशकालाचे असून ५ स्मृतीचे आहेत : परीक्षकाचा चेहरा, त्याचे नाव, व आदल्या दिवशी दाखविलेली तीन चित्रे. सलग तीन दिवस १२ पैकी १२ गुण मिळाले म्हणजे त्यांतील पहिल्या दिवशी विस्मृती संपली असे धरतात. येथे परीक्षक स्वतःच नवी आठवण पेरतो व दुसऱ्या दिवशी ती उगवली काय हे पाहतो. ऐकीव माहितीस वाव राहत नाही. अर्थात ज्यांचे स्मरण कायमचेच अधू झाले आहे ते पूर्ण गुण कधीच मिळविणार नाहीत, हाही दोष या कडक अटीत आहे.

६. काय विचारावे, व कोणास विचारावे

आतापर्यंतचा विचार विस्मृतीच्या काळाचा झाला. तो काळ संपल्यावर जी स्मृती उरते तिचे परीक्षण हा निराळा प्रश्न होय. यासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली कसोटी न्यूयॉर्क येथील डेव्हिड वेक्सलर यांची, १९४५ ची. व्यक्तिगत माहिती, देशकालभान, मनाची एकाग्रता, गोष्टीचे स्मरण, अंकावली, आकृतींचे रेखन व शब्दजोड्या अशा सात भागांवरून एकच 'स्मृतिगुणांक' काढण्याची तीत योजना होती. एकच अंक हाती येतो ही सोय होती, व तोच तिचा दोष ठरला. कवटी न भेदता इजा झालेल्या रुग्णास अंकावली ऐकल्याबरोबर म्हणून दाखविता येते, पण अर्ध्या तासापूर्वी ऐकलेली गोष्ट सांगता येत नाही, असे वारंवार आढळते. ग्रहण, धारणा व प्रत्यावाहन यांतील एक अंग चांगले व दुसरे क्षीण असता सरासरीने दोन्ही झाकली जातात. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत विलंबित प्रत्यावाहनास स्वतंत्र स्थान मिळाले ते या कारणाने.

याहून मूलगामी प्रश्न केंब्रिज येथील संशोधनातून पुढे आला. शांत खोलीत घेतलेल्या कसोटीवरून घरातील व बाजारातील विसरणे कळते काय? संडरलंड, हॅरिस व बॅडली यांनी १९८३ मध्ये डोक्यास इजा झालेल्या रुग्णांचे कसोटीतील गुण आणि दैनंदिन विस्मरणासंबंधी रुग्णांनी व आप्तांनी दिलेली माहिती यांची तुलना केली. कसोट्यांपैकी गोष्टीच्या स्मरणाचा दैनंदिन जीवनाशी संबंध अधिक दिसला. आणि रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा आप्तांचे सांगणे अधिक विश्वसनीय ठरले. याचे कारण उघड आहे. आपण किती वेळा विसरलो हे सांगण्यासाठी ते विसरणे लक्षात राहावे लागते. 'मला काही त्रास नाही' असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याच्यापुरते ते खरेच असते.

याच्या उलट उदाहरण रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९७१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या परिसरातील लढाईत झासेत्स्की या तरुण अधिकाऱ्याच्या मेंदूच्या डाव्या भागात मागील बाजूस गोळी शिरली. शब्द, अक्षरे, गतायुष्य सर्व विस्कळीत झाले. परंतु आपले काय गेले हे जाणण्याची शक्ती शाबूत राहिली. पंचवीस वर्षे खपून, दिवसाकाठी काही ओळी लिहीत, त्याने सुमारे ३,००० पृष्ठे लिहिली. स्थानिक इजेचा हा रुग्ण स्वतःचा उत्तम साक्षीदार होता. व्यापक इजेचा रुग्ण बहुधा तसा नसतो. म्हणून साक्षीदार कोण घ्यावा हे इजेच्या स्वरूपावरून ठरवावे लागते.

कसोटी जीवनाच्या जवळ नेण्याचा प्रयत्न १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या रिव्हरमीड केंद्राच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कसोटीने केला. बार्बरा विल्सन, कॉकबर्न व बॅडली यांनी तीत नवख्या माणसाचे नाव ध्यानात ठेवणे, खोलीत फिरण्याचा एक लहान मार्ग लक्षात ठेवून तसेच फिरून दाखविणे, दिलेला निरोप पोचविणे, लपविलेली आपली वस्तू शेवटी आठवणीने मागून घेणे, घंटा वाजताच ठरलेला प्रश्न विचारणे, अशी कामे योजिली. यांतील शेवटची दोन विशेष होत. मागे घडलेले आठवणे निराळे, आणि पुढे करावयाचे वेळेवर आठवणे निराळे. संसार चालतो तो बव्हंशी दुसऱ्यावर.

७. आपल्या प्रदेशातील प्रश्न

वर वर्णिलेल्या कसोट्या ज्या समाजांत रचल्या गेल्या तेथे शाळा, घड्याळ व दिनदर्शिका ही घरोघर होती. त्या भारतात जशाच्या तशा आणणे युक्त नव्हे, ही जाणीव येथील संशोधकांस लवकरच झाली. चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत पर्शाद व विग यांनी १९७७ मध्ये दहा भागांची स्मृतिश्रेणी सिद्ध केली. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतून २००४ मध्ये शोभिनी राव, सुब्बकृष्ण व गोपुकुमार यांचा कसोटीसंच प्रसिद्ध झाला. त्यात वय, लिंग व शिक्षण यांनुसार निरनिराळी प्रमाणके दिलेली आहेत. निरक्षर मनुष्याचे गुण पदवीधराच्या प्रमाणकाशी ताडले तर इजा नसतानाही इजा दिसेल, आणि उलट केले तर असलेली दडून राहील. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये सिद्ध झालेली हिंदी मनःस्थितिपरीक्षा ही इजेची नव्हे, बुद्धिभ्रंशाची होती. पण प्रश्नाचे भाषांतर म्हणजे प्रश्नाचे रूपांतर नव्हे, हे तिने चांगले दाखविले.

मराठी परीक्षकाने तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. 'आज तारीख कोणती?' या प्रश्नास खेड्यातील वृद्धा 'परवा एकादशी झाली' असे उत्तर देते. ती देशकालाचे भान हरपलेली नाही. तिचे कालमापन निराळे आहे. इतकेच नव्हे, तर महिन्याच्या नावातही घोटाळा संभवतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेस. त्यामुळे गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीस येते, व तोच दिवस उत्तरेकडे भाद्रपदातील गणला जातो. पुण्यात किंवा मुंबईत इमारतीच्या पराचीवरून पडलेला उत्तरेकडील मजूर त्या पंधरवड्यात 'भादो' म्हणाला, आणि परीक्षकाने त्याचे गुण कापले, तर ती चूक रुग्णाच्या मेंदूतील नव्हे. गोष्टीच्या स्मरणाविषयीही असेच म्हणता येईल : अपरिचित नावे व अपरिचित व्यवहार यांनी भरलेली भाषांतरित गोष्ट ध्यानात न राहिली तर स्मृतीस दोष देण्यापूर्वी गोष्टीस द्यावा. मराठीतही बोलीभेद आहेत. कोकणातील व विदर्भातील रुग्णास एकच शब्दयादी सारखीच परिचित असेल असे गृहीत धरता येत नाही.

कोणास विचारावे या प्रश्नास मात्र आपल्याकडे एक अनुकूलता आहे. रुग्णाबरोबर बहुधा घरचे कोणी तरी असते, व त्यास रुग्णाची दिनचर्या ठाऊक असते. परंतु तेथेही विवेक हवा. पत्नीस विचारावयाचे झाल्यास सासऱ्यांच्या देखत विचारल्याने खरे उत्तर मिळेलच असे नाही. आणि 'विसरतात का?' असे मोघम विचारण्यापेक्षा 'या आठवड्यात काय काय विसरले?' असे विचारणे अधिक फलदायी होते.

८. समारोप

या सर्व इतिहासावरून काय निष्पन्न होते? रसेल यांनी रुग्णाच्या साक्षीतील पोकळीसच प्रमाण मानले, आणि त्यातून तीव्रतेचे माप मिळाले. त्या मापातील दोष केव्हा विचारावे याचा विचार करून गॅल्व्हस्टन व वेस्टमीड येथे कमी करण्यात आले. काय विचारावे याचा विचार वेक्सलर यांच्या एका अंकापासून रिव्हरमीडच्या कामांपर्यंत आला. कोणास विचारावे हे केंब्रिजच्या अभ्यासाने शिकविले. आणि कोणत्या भाषेत व कोणत्या पंचांगात विचारावे, हे ठरविण्याचे काम आपल्याकडे अद्याप बरेच उरले आहे.

मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे गेल्या अर्धशतकात फार पुढे गेली आहेत. रक्तस्राव व सूज यांचा शोध त्यांमुळे तत्काळ लागतो, आणि असंख्य जीव वाचतात. परंतु रुग्णास कालचा दिवस आठवतो की नाही हे चित्रात दिसत नाही. ते आजही विचारावेच लागते. म्हणून 'स्मृती सामान्य' किंवा 'स्मृती क्षीण' एवढाच शेरा कोणत्याही अहवालात पुरेसा मानू नये. इजेनंतर कितव्या दिवशी विचारले, कोणत्या कामावरून पाहिले, कोणाचे सांगणे धरले, कोणती भाषा वापरली व कोणत्या शिक्षणाच्या प्रमाणकाशी ताडले, या पाच गोष्टी त्या शेऱ्याशेजारी लिहिलेल्या असाव्यात. त्या लिहिण्यास पाच ओळी पुरतात. परंतु ज्याच्या विसरण्यास आळस म्हटले जात आहे अशा मनुष्याची नोकरी, त्याची भरपाई आणि घरात त्याच्याविषयी असलेली आस्था या गोष्टी पुष्कळदा त्या पाच ओळींवरच अवलंबून असतात.